कढीपत्त्यावर अळ्या पडल्यात. फवारायचं की राखायचं? (शाळेची परसबाग, तासगाव)

येरळाकाठ | १८ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार. तासगाव तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. पट ३८. शाळेमागच्या जागेत मुलांनी तीन वर्षांपासून परसबाग केली आहे. वांगी, मिरची, दोडका, एक शेवगा आणि कढीपत्त्याची दोन झाडं. जेवणानंतर ताटं धुतलेलं पाणी बादलीत धरून मुलांनी ही झाडं जगवली. कढीपत्ता आता कमरेएवढा झालाय आणि पोषण आहाराच्या आमटीत मावशी रोज त्याचाच पाला टाकतात.

८ जुलैला मधल्या सुट्टीत तिसरीतला एक जण पळत आला. "बाई, ह्ये फुलपाखरू पानाला नुसतं शिवून पळतंय, बसत न्हाई." जाऊन पाहिलं तर काळ्या-पिवळसर ठिपक्यांचं फुलपाखरू कोवळ्या शेंड्यावर क्षणभर टेकायचं, उडायचं, पुन्हा टेकायचं. ते गेल्यावर शेंड्याला मोहरीहून लहान, पिवळसर मोत्यासारखं अंडं दिसलं. मग मुलांनी आणखी अंडी हुडकली.

चार दिवसांनी अंड्यांच्या जागी काळपट-पांढरं काहीतरी. "पाखरानं घाण केलीया," असं सगळ्यांचं मत पडलं. दुसऱ्या दिवशी ती घाण दोन पानं पुढे सरकलेली. त्या दिवशी वर्गात दुसरं काही शिकवता आलं नाही.

आज ११ अळ्या मोजल्या. शेंडे कुरतडलेत. एका पालकांनी ते पाहिलं आणि "उद्या पंप घेऊन येतो, पाच मिनिटांचं काम" म्हणाले. माणूस चांगला आहे, बागेला कुंपण त्यांनीच घालून दिलं. पण वर्गात दोन तट पडलेत. निम्मी मुलं म्हणतात मारा, निम्मी म्हणतात राखा. चौथीतल्या एका मुलीनं हे झाड दोन वर्षं सांभाळलं, सुट्टीतसुद्धा घरून कळशी आणायची. तिला झाड वाचवायचंय, म्हणून ती रडते. जिनं पहिलं अंडं शोधलं ती अळ्यांसाठी रडते. दोघी एका बाकावर बसतात.

पालकांकडून दोन दिवसांची मुदत मागून घेतलीय. जाणकारांनी सांगावं.

---

पठारवारा | १८ जुलै, रात्री १०:१५

ताई, वर्णनावरून हे लिंबाचं फुलपाखरू, काही जण लिंबाळी म्हणतात. लिंबू, कढीपत्ता, बेल, सगळी एकाच कुळातली झाडं, आणि याची मादी त्यांच्यावरच अंडी घालते. ती नुसती शिवून जाते असं तुमच्या विद्यार्थ्यानं जे पाहिलं ते फार मोलाचं आहे. फुलपाखराला पायानं चव कळते. पान आपल्या पिलांच्या कामाचं आहे की नाही हे ती टेकून तपासत होती.

पाखराच्या विष्ठेसारखं दिसणं हा अळीचा बचाव आहे, पक्षी तिच्याकडे बघून पुढे जातात. अळी चार वेळा कात टाकते. शेवटच्या कातेनंतर ती हिरवीगार होईल, तेव्हा मुलांना दाखवा. त्यावेळी गवताच्या काडीनं हळूच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी, दुफाटा शिंगासारखा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एकदाच डिवचा, पुन्हापुन्हा नको.

आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन याच घराण्यातलं. महाराष्ट्रानं २०१५ साली ते जाहीर केलं आणि असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. ते कोयना-चांदोलीच्या बाजूला दिसतं, तासगावच्या कोरड्यात अवघड. पण त्याच्या अळीचं जेवणही लिंबाच्याच कुळातलं.

फवारणी नको, हे माझं मत.

---

कृष्णामाई | १९ जुलै, सकाळी ६:५०

बाई, मी कराड तालुक्यात ३४ वर्षं प्राथमिक शिक्षक होतो. एकच सांगतो. मुलांचं मत विचारू नका, त्यांना मोजायला लावा. मतं विचारली की मुलं मैत्रिणीचं तोंड बघून हात वर करतात. मोजायला बसली की झाडाचं तोंड बघतात.

झाडाला पाल्याच्या काड्या किती? एक अळी दिवसाला किती खाते? मावशींना रोज किती लागतात? हा चौथीच्या गणिताचा तास आहे. उत्तर काय येईल ते मलाही ठाऊक नाही. अळ्या जास्त निघाल्या तर काही उचलून दुसऱ्या लिंबावर न्या. कमी निघाल्या तर राहू द्या. पण ठरवायचं ते आकड्यावर, आणि तो आकडा मुलांनी काढलेला हवा.

---

खरडछाटणी | १९ जुलै, दुपारी १:२०

मी द्राक्षवाला. त्या पालकांची बाजू आधी मांडतो. आमच्या भागात एप्रिलच्या खरड छाटणीपासून फळ काढेपर्यंत दावण्या, भुरी, करपा हे रोग आणि पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड, यांच्यामागं आम्ही धावत असतो. ऑक्टोबरातल्या छाटणीनंतर अवकाळी पाऊस लागला तर दिवसाआड फवारणी. कर्ज डोक्यावर असतं. अळी दिसली की हात पंपाकडं जातो, त्यात दुष्टपणा नसतो. आमची पोरं हेच बघत मोठी होतात, म्हणून त्यांना 'किडा म्हणजे शत्रू' वाटतं.

पण शाळेच्या कढीपत्त्याला औषध मारू नका. प्रत्येक औषधाला फवारणी ते काढणी असे थांबायचे दिवस असतात, आणि तुमचा पाला तर रोज आमटीत जातोय. द्राक्षाचं औषध कढीपत्त्यासाठी नसतंच. पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट माझ्याच बागेतली. पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलिमस नावाचे मित्रकीटक सोडतात. छोटा भुंगा असतो, डोकं तांबूस, पाठ काळी. त्याची अळी अंगावर पांढरे मेणाचे झुपके घेऊन फिरते, दिसायला थेट पिठ्या ढेकणासारखी, फक्त मोठी आणि चालणारी. पहिल्या वर्षी मी भुंगे विकत आणून सोडले. पंधरा-वीस दिवसांनी पांढरं वाढलेलं दिसलं म्हणून घाबरून फवारलं. माझाच पैसा, माझेच भुंगे, माझ्याच हातानं मारले. दहा मिनिटं वाकून बघितलं असतं तर कळलं असतं. पोरांना बघायला शिकवताय, तर ते बागाईतीतलं सगळ्यात महागाचं शिक्षण आहे.

---

दोन लेकरांची आई | १९ जुलै, दुपारी ३:०५

माझी मुलं अशाच शाळेत जातात. बाग छान, पण दोन भीती वाटतात. अळी अंगाला लागून खाज सुटते, आणि पावसाळ्यात गवतात साप असतात. याबद्दल कोणी बोलत नाही.

---

पठारवारा | १९ जुलै, दुपारी ४:३०

ताई, तुमची काळजी रास्त आहे.

लिंबाच्या फुलपाखराची अळी गुळगुळीत असते, हाताला काही होत नाही. खाज सुटते ती केसाळ सुरवंटांनी. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात त्यांचे पुंजके बसतात आणि या बागेत शेवगा आहे, म्हणून नियम सोपा: केस असलेल्या कुठल्याही अळीला हात नाही.

सापांसाठी वाफ्यांमधली वाट रुंद आणि स्वच्छ ठेवा. पाचटाचे, विटांचे, लाकडांचे ढीग बागेत नकोत. हात घालण्याआधी काठीनं पान हलवायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार चित्रांवरून मुलांना ओळखू यायला हवेत, पण खरा साप दिसला तर ओळखत बसायचं नाही, मागं सरकून मोठ्यांना हाक मारायची. वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवा. धामण निघाली तर मारू नका, ती उंदरांवर जगते.

---

स्पष्टच_सांगतो | १९ जुलै, रात्री ८:४५

वेगळा सूर लावतो, माफ करा. मी दोन शाळांच्या व्यवस्थापन समितीवर होतो. जूनमध्ये रोपं लावायची, फोटो पाठवायचे, मार्चपर्यंत निम्मी वाळतात आणि मे महिन्यात उरलेली. पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात पुन्हा रोपं. मुलं यातून काय शिकतात? झाड मेलं तरी चालतं, हे शिकतात. सुट्टीतल्या पाण्याची सोय नसेल तर दोनच झाडं लावा. माझा राग बागेवर नाही, तिला मरू देण्यावर आहे.

---

येरळाकाठ | १९ जुलै, रात्री १०:३०

दादा, तुमचं म्हणणं मला पटतं. पहिल्या वर्षी आम्ही २६ रोपं लावली होती. मे संपला तेव्हा ५ उरली होती. शाळा उघडल्यावर पहिलीतल्या एका मुलानं वाळलेल्या काडीला पाणी घातलं, ते मला अजून आठवतं. त्यानंतर आम्ही नियम केला: जेवढ्यांना मे महिन्यात पाणी देणारं घर ठरलंय, तेवढीच झाडं. म्हणूनच आमच्याकडे झाडं कमी आहेत.

उद्यापासून मोजायला सुरुवात. त्या पालकांना फोन केला. "मोजा, मग बघू," म्हणाले.

---

माणदेशी | २० जुलै, सकाळी ७:१५

पाण्याबद्दल लिहितो, आमच्या माण तालुक्यात तोच विषय. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात आमच्याकडे पाचशेच्या आसपास. त्यामुळे थेंबाचा हिशेब अंगात मुरलेला.

झाडाच्या मुळाशी हातभर अंतरावर बिनझिलईचा मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरायचा, पाण्यानं भरून वर झाकण. माती कोरडी पडेल तसं माठ पाणी सोडतो. लहान माठ उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी भरला तरी चालतो, रोज कोणी यायची गरज नाही. वर उसाचं पाचट वीतभर जाड पसरायचं, मात्र खोडाला चिकटवायचं नाही, वाळवी लागते. (सापाचा मुद्दा वर आलाय तो बरोबर आहे, म्हणून पसरायचं, ढीग करायचा नाही.) ताटं धुतलेलं पाणी घालत असाल तर साबणाचं वेगळं काढा.

आणि मुलांना पाऊस मोजायला द्या. सरळ भिंतींचा कुठलाही डबा उघड्यावर ठेवा, सकाळी पट्टी घालून उंची बघा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. शाळेचं छप्पर १०० चौरस मीटर असेल आणि १० मिलिमीटर पाऊस झाला, तर छपरावर १००० लिटर पडलं. हे गणित मुलांनी स्वतः केलं की पन्हळीखाली पिंप ठेवा हे तुम्हाला सांगावं लागणार नाही.

---

सागरेश्वर_पायथा | २० जुलै, सकाळी ११:००

मोठं उदाहरण जवळच आहे. सागरेश्वरचा डोंगर एके काळी उघडाबोडका होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्या बरोबरच्यांनी तिथं झाडं लावली, जगवली, हरणं आणून सोडली, आणि १९८५ साली ते अभयारण्य झालं. माणसांनी उभं केलेलं अभयारण्य. तासगावहून सहल सहज होते. मुलांना आधी माथ्यावर न्या आणि तिथून भोवतालचे उघडे डोंगर दाखवा, मग आत फिरवा.

---

येरळाकाठ | २२ जुलै, रात्री ९:१०

आकडे आले. लिहिताना मलाच आनंद होतोय.

दोन्ही झाडांवर मिळून पाल्याच्या २१२ काड्या. तीन गटांनी वेगवेगळ्या मोजल्या, तीन उत्तरं आली, पुन्हा मोजल्या. अळ्या ११ वरून ९ झाल्या. एक गांधीलमाशीनं नेली, ती चौघांनी डोळ्यांनी पाहिली. दुसरीचा पत्ता नाही. अळ्या आता हिरव्या झाल्यात. मोठी अळी दिवसाला साधारण एक काडी खाते (एका काडीला सुतळी बांधून सकाळ-संध्याकाळ पानं मोजली). अजून सहा दिवस खातील असं धरलं तर ९ गुणिले ६, म्हणजे ५४. मावशींना रोज ५, सहा दिवसांच्या ३०. २१२ मधून दोन्ही वजा केले की १२८ उरतात.

१२८ हा आकडा फळ्यावर आल्यावर वर्ग एकदम शांत झाला. झाड सांभाळणारी मुलगी उठली, स्वतः पुन्हा वजाबाकी करून पाहिली आणि म्हणाली, "मग खाऊ द्या की." बाकावरच्या दुसरीनं तिला जागा करून दिली.

पालक पंप न घेता आले. वहीतले आकडे वाचले, ओणवं होऊन बराच वेळ अळ्या पाहिल्या. जाताना म्हणाले, "बाई, सुतळीची युक्ती झ्याक काढली पोरांनी."

शिंगही पाहिलं. वास लिंबाचं पान चुरगळल्यासारखा, पण घाण, असं वहीत लिहिलंय.

---

कृष्णामाई | २३ जुलै, सकाळी ६:३०

बाई, तीन उत्तरं आली आणि पुन्हा मोजली, हे वाचून डोळे भरले. ती तीन चुकीची उत्तरंही वहीत ठेवा, खोडू नका.

---

रयतचा_विद्यार्थी | २३ जुलै, दुपारी २:४०

कर्मवीर अण्णांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली, तिच्या बोधचिन्हात वडाचं झाड आहे आणि 'कमवा आणि शिका' आम्ही वसतिगृहात जगलो. सकाळी वाफे खुरपून मग वर्गात बसायचो. हाताला माती लागली की अक्षर बिघडतं असं म्हणणारे तेव्हाही होते. माझं अक्षर चांगलं आहे.

एक विनंती: खुरपणं शिक्षा म्हणून कुणाला देऊ नका. गृहपाठ केला नाही म्हणून बागेत पाठवलेला मुलगा आयुष्यभर बागेचा राग करतो. माझा सख्खा भाऊ करतो.

---

दोन लेकरांची आई | २३ जुलै, रात्री ९:००

+१. आणि वर सविस्तर उत्तर दिल्याबद्दल आभार. १९२६ आमच्या शाळेच्या भिंतीवर लिहायला सांगितलं.

---

येरळाकाठ | ६ ऑगस्ट, रात्री ८:५०

उशीर झाला, पण लिहिण्यासारखं आता घडलं.

९ पैकी ५ कोष मुलांना सापडले. बाकीच्या अळ्या झाडावरून उतरून कुठं गेल्या कळलं नाही. गंमत अशी, की पाल्यातले कोष हिरवे आणि कुंपणाच्या लाकडावरचे दोन तपकिरी. "त्यास्नी कसं कळलं कुठं बसायचंय?" असं एकानं विचारलं. मी म्हटलं, आपण दोघं मिळून शोधू. कोष कमरेला रेशमी धागा बांधून टेकलेला असतो, लाईनमन खांबावर पट्टा लावून टेकतो तसा. ही उपमा मुलांचीच.

काल शाळा भरताना पहिलं फुलपाखरू निघालं. पंख ओल्या रुमालासारखे चुरगळलेले. ते कोषाच्या टरफलाला लटकून राहिलं आणि पंख हळूहळू ताणले गेले. प्रार्थना बागेतच झाली. कुणी बोललं नाही, पहिलीची मुलंसुद्धा. ते उडालं तेव्हा झाड सांभाळणाऱ्या मुलीनं वहीत वेळ लिहिली, १०:४२.

आज आणखी दोन निघाली. उरले दोन.

---

खरडछाटणी | ६ ऑगस्ट, रात्री ९:३०

उरलेले दोन काळे पडत असतील तर टाकू नका. पारदर्शक बाटलीत ठेवा, तोंडाला पातळ फडकं बांधा आणि बघत राहा.

---

येरळाकाठ | १२ ऑगस्ट, रात्री ९:५५

खरडछाटणी दादा, तुम्हाला ठाऊक होतं.

एक कोष तसाच वाळून गेला. दुसऱ्याला आज सकाळी टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलेलं होतं आणि बाटलीत बारीक बारीक माश्या. मुलांनी बाटली उन्हात धरून मोजल्या, ६४. एका कोषातून ६४! काही मुलांना वाईट वाटलं. ज्या मुलीनं पहिलं अंडं शोधलं होतं ती बाटलीकडे बघेना.

मी काय सांगावं ते सुचेना. खोटं सांगायचं नव्हतं आणि 'निसर्गाचा नियम' म्हणून गप्पही बसवायचं नव्हतं. रात्री वाचून काढलं.

---

पठारवारा | १२ ऑगस्ट, रात्री १०:४०

त्या माश्या नाहीत ताई, गांधीलमाशीच्या फार लांबच्या, चिमुकल्या नातलग आहेत. मादी कोषात अंडी घालते, कोष नुकताच झालेला आणि मऊ असताना. तिची पिल्लं आतलं खाऊन वाढतात. माणसाला त्या काही करत नाहीत. फडकं सोडून बागेत जाऊ द्या.

मुलीला एवढंच दाखवा: तुमच्या वहीत ११ अळ्या आहेत आणि ३ फुलपाखरं. सगळ्या अकरा जगल्या असत्या आणि दर खेपेला तसंच झालं असतं, तर १२८ काड्या किती दिवस टिकल्या असत्या?

---

खरडछाटणी | १२ ऑगस्ट, रात्री ११:०५

पंप मारला असता तर या ६४ पण गेल्या असत्या, आणि पुढच्या वेळच्या अळ्या मोजायला तुम्हाला वही पुरली नसती. आमच्या बागांत हेच झालंय. कीड मारली त्याबरोबर किडीचा राखणदारही मारला, आणि कीड आधी परत आली.

ताई, माझं एक काम करा. ऑक्टोबरातल्या फळ छाटणीच्या आधी एक दिवस पोरांना माझ्या बागेत आणा. पिठ्या ढेकूण कुठला आणि क्रिप्टोलिमसची अळी कुठली, ते त्यांनी शोधायचं. आमच्या गड्यांनाही बोलावतो. पोरांनी दाखवायचं, आम्ही बघायचं.

---

स्पष्टच_सांगतो | १३ ऑगस्ट, सकाळी ८:२०

या शाळेला पाच माठ माझ्याकडून. कुठं पाठवू ते निरोपात कळवा. मे महिन्यात मी स्वतः येऊन बघणार आहे.

---

येरळाकाठ | १६ ऑगस्ट, रात्री ८:३०

काल झेंडावंदनानंतर मुलांनी वही व्हरांड्यात दोरीला क्लिपा लावून टांगली, एकेक पान सुटं करून. आज्या, आया, चुलते वाचत उभे होते. चुकीची तीन उत्तरंही टांगली होती, गुरुजींचा निरोप मी सांगितला होता. पंपवाले पालक दुसऱ्यांना सुतळीची काडी दाखवत होते.

बाटली त्या दिवशी उघडली नव्हती. मी सांगितलं नाही, विचारलंही नाही. परवा सुट्टीत तीच मुलगी, पहिलं अंडं शोधणारी, एकटी गेली आणि कढीपत्त्याखाली बाटलीचं फडकं सोडून आली. वहीत तिनं फक्त लिहिलं, "६४ गेल्या. ३ मेल्या होत्या, म्हणून ६१."

दादा, तुमच्या बागेत सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतो, ३८ मुलं आणि दोन शिक्षक. माठांचा निरोप पाठवलाय.

आजची नोंद: पाऊस ४ मिलिमीटर. कढीपत्त्यावर नवी अंडी ३, देवळामागच्या बेलावर १.